गावातलं सामुदायिक डोहाळजेवण पुन्हा सुरू करायचंय: पद्धत, प्रमाण, खबरदारी

शिवारकर
भातपट्ट्यातलं मावळी गाव. घरोघरचं डोहाळजेवण एकतर बंद पडलंय, नाहीतर हायवेवरच्या हॉलमध्ये जाऊन 'बेबी शॉवर' झालंय. फुग्यांची कमान, धुराचं मशीन, तीन तास फोटो, आणि जिच्यासाठी हे सगळं ती कोपऱ्यात सुजलेले पाय घेऊन उभी. बचत गटांनी ठरवलंय की देवळाच्या सभामंडपात सगळ्या गरोदर बायकांचं एकत्र करायचं. सध्या सातजणी आहेत, पाचव्यापासून आठव्या महिन्यापर्यंतच्या. पंगत साधारण ऐंशी पानांची.

विचारायचं ते असं: सातवाच महिना हवा का? ओटीत काय नि किती? फुलांचे दागिने गावातच करता येतील का? झोपाळा कसा बांधायचा? जेवणाचं प्रमाण काय? नेमकी माहिती द्या. 'आमच्या वेळी असं होतं' यासाठी वेगळा धागा काढू.

उंबरठा
आधी एक गल्लत दूर करू. सीमंतोन्नयन हा सोळा संस्कारांतला विधी. त्यात होम, मंत्र, आणि नवऱ्याने साळिंदराच्या काट्याने, कोवळ्या उंबरांच्या घोसाने बायकोचा भांग वर सारायचा. त्याचे महिने गृह्यसूत्रांत, म्हणजे घरगुती संस्कारांच्या जुन्या ग्रंथांत, वेगवेगळे, कुठे चौथा, कुठे सहावा-आठवा. डोहाळजेवण हा बायकांचा लौकिक सोहळा. त्याला गुरुजी लागत नाहीत, मुहूर्त लागत नाही. कुणी हौसेने साळिंदराचा काटा आणायला निघालं तर थांबवा, तो प्राणी वन्यजीव कायद्याखाली येतो.

तिसऱ्या-चौथ्यात घरातल्या घरात गुपचूप भरतात ती चोरओटी. पाचव्याची ओटीही बऱ्याच घरांत असते. सातव्यात मोठं डोहाळजेवण. म्हणजे तुमच्या पाचवा महिना लागलेल्या बाईलाही बसवायला रीत आड येत नाही. कार्यक्रम दर दोन महिन्यांनी ठेवा, म्हणजे गावातली प्रत्येकजण सातव्यात किंवा आठव्यात एकदा सापडतेच. नववा लागलेलीला मंडपात आणू नका, घरी जाऊन पाच जणींनी ओटी भरून या.

लावणीच्या दिवसांत मात्र सकाळ धरू नका. चिखलातून उठून कोण येणार? दुपारनंतरच ठेवा.

लालगोळी
तारखेबद्दल. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची मोफत तपासणी असते. कार्यक्रम त्यानंतरच्या आठवड्यात धरा, म्हणजे सगळ्यांचे ताजे रिपोर्ट हातात असतात. ते पाहून ताटं ठरतात:

साखरेची तपासणी (७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी) २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा होते. नेमका सातव्याच्या तोंडावरचा काळ. १४० किंवा वर आली तर त्या बाईच्या ताटात साखरभात, पेढे, करंज्या यांतलं काहीच नको. तिला वगळायचं नाही, ताट बदलायचं.

हिमोग्लोबिन ११ च्या खाली म्हणजे रक्त कमी. ७ च्या खाली असेल तर कार्यक्रमात बसवण्याआधी दवाखाना.

रक्तदाब वाढलेला असेल तर लोणचं-पापड ताटातून काढा, आणि तिला सगळ्यात आधी उठू द्या.

दुसरं, डोहाळे नीट ऐका. आंबट-तिखट हवंसं वाटणं वेगळं. भाजकी माती, पाटीवरची पेन्सिल, खडू, कच्चे तांदूळ खावेसे वाटत असतील तर बहुतेक वेळा अंगात लोह कमी असतं. 'डोहाळे आहेत, पुरवा' म्हणून माती आणून देऊ नका, गावातल्या आशाताईंना सांगा.

जेवणानंतर लगेच चहा फिरवायची सवय असते, ती मोडा. चहाने अन्नातलं आणि गोळीतलं लोह अंगी लागत नाही. लोहाची लाल गोळी आणि कॅल्शियमची गोळीसुद्धा एकाच वेळी घ्यायची नसते.

आंबेमोहोर
ऐंशी पानांचा स्वयंपाक. डोहाळजेवणाला पाच प्रकारचे भात करायची रीत आहे: साखरभात, मसालेभात, चित्रान्न, दहीभात, आणि पाचवा वांगीभात किंवा नारळीभात. सगळ्या पंगतीला पाचही करायला गेलात तर एकही धड होत नाही. सातजणींच्या ताटात पाच लहान मुदी, पंगतीला मसालेभात आणि साखरभात.

मसालेभाताला माणशी ८० ग्रॅम तांदूळ धरा, साडेसहा किलो लागतील. साखरभाताला ३५-४० ग्रॅम पुरतात, म्हणजे तीन किलो. त्याला तीन किलो साखर, पाऊण किलोच्या आत तूप, पाच-सहा लिंबं. बाकीचे तीन भात फक्त सात मुदींपुरते, प्रत्येकी पाव किलो तांदूळ.

साखरभात बिघडतो तो एकाच जागी. भात पुरता शिजायच्या आत साखर पडली की शीत आखडतं, मग कितीही वाफ द्या, दडदडीतच राहतं. म्हणून तांदूळ तुपावर परतून, पाण्यात पूर्ण मऊ पण मोकळा शिजवा, परातीत पसरून गार करा. वेगळा एकतारी पाक करा, त्यात लिंबू पिळा म्हणजे गार झाल्यावर साखर कणी धरत नाही. मग भात पाकात सोडून, पातेल्याखाली तवा ठेवून पंधरा मिनिटं. उलथन्याने ढवळू नका, पातेलं दोन्ही कानांना धरून हलवा.

करंज्या ओटीलाही लागतात, पंगतीलाही. एक किलो पीठ (निम्मा बारीक रवा, निम्मा मैदा), २०० ग्रॅम कडकडीत तुपाचं मोहन, भिजवायला दूध. यात सत्तरेक लहान करंज्या होतात. सारणाला अर्धा किलो सुक्या खोबऱ्याचा कीस, ४०० ग्रॅम पिठीसाखर, ५० ग्रॅम खसखस, वेलदोडा. ओला नारळ नको, ओटीत दिवसभर पडून राहणारी करंजी संध्याकाळपर्यंत आंबते. करंजी तेलात उघडते कारण काठावर सारणाचा कण राहिलेला असतो, किंवा पारी सुकलेली असते. लाट्या ओल्या फडक्याखाली ठेवा, काठाला दुधाचं बोट फिरवा, कातण्याआधी पोट दाबून हवा काढा.

दहीभात पूर्ण गार भातातच कालवा आणि शेवटी करा. खव्याचे पेढे उन्हाळ्यात आणूच नका. गरोदर बाईला जुलाब-उलट्या लागणं ही साधी गोष्ट नाही. बेसनाचा लाडू चालतो की. सकाळी अकराला शिजवलेला भात दुपारी चारला वाढणं हाही तोच घोटाळा.

तिखटमीठ
+१. एक भर: ओटीत हौसेने डिंक-अळिवाचे लाडू टाकतात. ते बाळंतिणीचे. अळीव गरोदरपणात देत नाहीत. शेंगदाणा-गूळ, राजगिरा, खजूर, फुटाणे द्या. फळांच्या ओटीत कच्ची पपई येऊ देऊ नका. पाच फळं भरायची म्हणून काहीही भरतात लोक.

पाटावरची
ओटीचा हिशेब करा, मग कळेल अडचण कुठे आहे. एक ओंजळ गहू दीड-दोनशे ग्रॅम. साठ बायकांनी एकेक ओंजळ घातली तर दहा किलोच्या आसपास. प्रत्येकीचा नारळ म्हणाल तर सोललेला अर्धा किलो धरून तीस किलो! हे सातव्या महिन्यातल्या बाईच्या पदरात?

म्हणून असं करा. पदरात पूर्ण ओटी पाच जणींनीच भरायची: गहू किंवा तांदूळ, खण, एक नारळ, हळकुंड, सुपारी, खारीक, बदाम, पाच फळं, पाच करंज्या. बाकी साऱ्यांनी चिमूटभर अक्षता डोक्यावर, आणि जे आणलं असेल ते बाजूच्या परातीत. परातीवर तिच्या नावाची चिठ्ठी, म्हणजे शेवटी गोंधळ होत नाही. पदरातली ओटी लगेच दुसरीने सुपात काढून घ्यायची.

पाटावर मांडी घालून बसवणं टाळा, उठताना पोट आड येतं. पाठ असलेल्या खुर्चीवर बसवा आणि पाट पायाखाली द्या. रांगोळी पाटाभोवतीच काढा, पाटाचा मान राहतो आणि पायही टेकतात. सातही जणी एका वेळी, ओळीने. एकेक करून घेतलीत तर सातवीची पाळी येईपर्यंत दोन तास जातात.

औक्षण पाच जणींनी. साठ निरांजनं तोंडापुढून फिरली की उष्णता, धूर, आणि वर सिंथेटिक साडी. ओवाळताना मागे एकीने पदर धरून उभं राहावं.

बसण्याचा एकूण वेळ वीस-पंचवीस मिनिटं. शौचालय कुठे आहे ते आधी पाहून ठेवा. सभामंडपाजवळ बहुधा नसतं, शेजारचं घर सांगून ठेवा.

गुलछडी
फुलांचे दागिने गावात सहज होतात. संक्रांतीच्या हलव्याच्या दागिन्यांशी गल्लत करू नका, त्यांचा साचा तोच असला तरी वजन आणि टिकणं वेगळं.

एका बाईचा पूर्ण साज म्हणजे मुकुट किंवा बिंदी, दोन कर्णफुलं, कंठा, दोन बाजूबंद, दोन कंकणं, कमरपट्टा आणि वेणी. याला सुटी गुलछडी अर्धा किलो, मध्ये बसवायला लहान गुलाब पंधरा-वीस. सातजणींना साडेतीन ते चार किलो गुलछडी, तुटकी-उमललेली निघून जाते म्हणून अर्धा किलो जास्तीची.

फुलं नव्हे, कळ्या घ्या. उमललेली गुलछडी दोन तासांत तपकिरी कडा धरते. आदल्या संध्याकाळी आणून निवडा, केळीच्या पानात गुंडाळून ओल्या फडक्याखाली थंड जागी ठेवा. वरून पाणी शिंपडायचं नाही, पाकळीत पाणी राहिलं की डाग पडतो. मोगरा वापरणार असाल तर संध्याकाळच्या कार्यक्रमासाठी दुपारी कळ्या ओवा, त्या गळ्यातच उमलतात. सकाळच्या कार्यक्रमाला मोगरा कामाचा नाही.

बाजारू साजात तार असते. तार टोचते, आणि कमरपट्ट्याची तार पोटावर नको म्हणजे नकोच. पुठ्ठ्याची पट्टी मऊ कापडात शिवून घ्या, कळ्या त्यावर सुईदोऱ्याने टाका, दोन्ही टोकांना नाडी. सेफ्टी पिनही नको. कमरपट्टा कमरेवर नाही, छातीखाली पोटाच्या वर सैल बांधा, आणि माप त्याच आठवड्यात घ्या. महिन्यापूर्वीचं माप हमखास आखूड पडतं. वेणीला केळीच्या सोपटाचा दोर वापरला तर केसांत रुतत नाही.

शेवंतीने काहींना शिंका येतात. गुलछडीचा वास बंद खोलीत डोक्यात चढतो. सभामंडप मोकळा आहे हे बरं. तरी प्रत्येकीला आदल्या दिवशी विचारा. वासाने मळमळत असेल तर तिला फक्त वेणी आणि कंकणं. फोटोत सातजणी एकसारख्या दिसल्या नाहीत तर बिघडत नाही.

तुळई
झोपाळ्याचं. सभामंडपाला लाकडी तुळई असेल तर हातोडीच्या दांड्याने टोकापासून टोकापर्यंत ठोकून बघा. पोकळ, भद्द आवाज आला किंवा खाली भुसा दिसला तर वाळवी आहे, तिथे काही टांगू नका. मंडपवाल्याचा लोखंडी स्टँड घेतलात तर शहाबादी फरशीवर त्याचे पाय सरकतात, खाली रबराचे तुकडे घाला.

पाट दीड फुटाच्या उंचीवर, बसल्यावर तळवे पूर्ण टेकले पाहिजेत. चार कड्या, जाड सुती दोर किंवा साखळी. नायलॉनचा दोर गाठीत सरकतो. आदल्या दिवशी पाटावर सिमेंटच्या तीन गोण्या, म्हणजे दीडशे किलो, अर्धा तास ठेवून गाठी परत आवळा. खाली दोन्ही बाजूंनी बांधून टाका. झोपाळा झुलवायचा नसतो, बसून एक हेलकावा मिळाला की पुरे.

सात झोपाळे बांधू नका. एक पुरे, प्रत्येकजण पाच मिनिटं.

नऊवारी
सजावटीत पूर्वी चंद्रकोर, होडी, धनुष्यबाण, बाग, गवताची गंजी असे प्रकार असत. चंद्रकोर सोपी आहे: ओल्या बांबूच्या कामट्या वाकवून बांधायच्या आणि त्यावर पांढरा कागद. वाळलेला बांबू वाकवताना फाटतो, तो रात्रभर पाण्यात ठेवा. भाताच्या गावात गंजीपुढचं डोहाळजेवण सगळ्यात शोभतं. पेंढा मात्र झटकून घ्या, धूळ-किडे असतात, आणि निरांजनं दहा हात लांब.

आमच्याकडे भात 'पोटरीला आलं' (कणीस पोटात धरलं) म्हणतात तेव्हा शेतालाही नैवेद्य दाखवतात. तो धागा धरून ओंब्या लावा सजावटीला. फुग्यांची गरजच नाही.

उंबरठा
धनुष्यबाण म्हणजे रामासारखा मुलगा व्हावा, हा त्यातला अर्थ. तोच प्रश्न पेढा-बर्फीचा. दोन झाकलेल्या वाट्या, पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. खेळ म्हणून कायद्यात गुन्हा नाही, गर्भलिंगनिदानाचा १९९४ चा कायदा तपासणीसाठी आहे. पण ज्या राज्यात सहा वर्षांखालच्या मुलींचं प्रमाण हजार मुलांमागे २००१ ला ९१३ होतं आणि २०११ ला ८९४ वर आलं, तिथे बर्फी निघाल्यावर पडणारे चेहरे सगळ्या गावासमोर कशाला दाखवायचे?

वाट्या ठेवा, आतला जिन्नस बदला. चिंच, आवळा, गूळ, खारे दाणे, मिरचीचं लोणचं. जी वाटी उघडेल तो तिचा डोहाळा, आणि तो पुढच्या आठवड्यात कुणी पुरवायचा ते तिथेच ठरवायचं. खेळही राहतो आणि एखाद्या घरी जेवायचं आमंत्रणही मिळतं.

जुनीपेटी
मग काय राहिलं? पेढा-बर्फी काढा, पाट काढा, निरांजनं मोजा. हे डोहाळजेवण आहे की आरोग्य शिबिर? अंगणवाडीत पोषण अभियानाचं होतंच की असलं.

पाटावरची
जुनीपेटी, रास्त शंका आहे. पण काढलं काय ते नीट बघा. ओटी आहे, हिरवी साडी-चुडा आहे, फुलं आहेत, गाणी आहेत, पाच भात आहेत. गर्दी कमी केली आहे, विधी नाही. अंगणवाडीतल्या कार्यक्रमात गाणं नसतं, फलक नि भाषण असतं. त्यावरून आठवलं: भाषण ठेवू नका. सरपंचांनाही जेवायलाच बोलवा. फ्लेक्सवर गरोदर बायकांचे फोटो नकोत, आणि कुणाचं हिमोग्लोबिन किती ते माइकवर तर मुळीच नको. योजनांचे फॉर्म भरायला वेगळा दिवस.

शिवारकर
सवाष्णींचा मुद्दा गटात अडकलाय. दोन विधवा बायका स्वयंपाकाची सगळी जबाबदारी घेताहेत आणि ओटीला त्यांनी मागे उभं राहायचं, हे तरुण मुलींना पटत नाही. ज्येष्ठ बायका गप्प आहेत.

उंबरठा
शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने ४ मे २०२२ ला विधवा प्रथा बंदीचा ठराव केला. त्याच महिन्यात शासनानेही परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींना तसं करायला सांगितलं. तुमच्या ग्रामसभेत तो ठराव झाला असेल तर वाद तिथेच मिटतो.

नसेल झाला तर ओटी भरणाऱ्या पाच जणी निवडायचा हक्क गरोदर बाईलाच द्या. तिने आदल्या दिवशी नावं सांगायची. ती स्वतःच्या विधवा आईचं नाव घेईल तेव्हा ज्येष्ठ बायकांतून कुणी आडवं येत नाही. मूल नसलेल्या बायकांचाही प्रश्न यातच सुटतो. आणि फक्त पहिलटकरणीचं करायचं ही रीत सामुदायिक कार्यक्रमात पाळू नका. दुसऱ्या खेपेच्या बाईला विश्रांती पहिलीहून कमीच मिळते.

कुंकू कुणाला चालत नसेल तर अक्षता आणि फूल. सात जणींत वेगळ्या धर्माची कुणी असेल तर तिला आधी विचारा, मंडपात नको. आहेर बंद, हे आमंत्रणातच सांगा. माहेरावर साडी-दागिन्यांचा बोजा पडायला लागला की पुढच्या वर्षी लोक येणं टाळतात.

ओवीकर
गाण्यांबद्दल कुणीच बोललं नाही. डोहाळगीताची चौकट महिन्यांची असते: पहिल्यापासून नवव्यापर्यंत एकेका कडव्यात एकेक डोहाळा. गावातल्या म्हाताऱ्यांकडून मोबाइलवर रेकॉर्ड करून घ्या, पण स्वयंपाकघरात काम करताना. खुर्चीवर बसवून 'म्हणा आजी' म्हटलं की शब्द विसरतात. लिहिताना बोली 'सुधारू' नका, चाल मोडते. स्पीकर नकोच, दोन गट करा: एकाने ओळ टाकायची, दुसऱ्याने उचलायची.

जुनं कडवं सापडलं नाही तर त्याच चालीवर नवं रचा. हे आत्ताच जुळवलं:

सातव्या मासी गं, पाऊल जडावलं
पाण्याच्या हंड्याला दादल्याला धाडलं

तिखटमीठ
हे कडवं पुरुषांच्या पंगतीत म्हणा :)

जुनीपेटी
कडवं आवडलं. झोपाळ्याच्या वेळी म्हणायला लावा. चुड्याचं विसरू नका, कासार कधी बोलवायचा?

पाटावरची
कार्यक्रमाच्या दिवशी नको, आदल्या दिवशी सकाळी. सातव्या-आठव्यात हाताला सूज असते, संध्याकाळी जास्त. नेहमीचं माप दोन-चार असेल तर दोन-सहा मागा. साबण लावून दाबून चढवलेली बांगडी सकाळी जाते आणि रात्री रुतते. आतल्या बाजूला जरीचे खडे असलेल्या नकोत, साध्या हिरव्या काचेच्या घ्या. बोटातल्या अंगठ्या त्याच वेळी काढून ठेवा. निघत नसेल तर हात वर धरून तेल लावा, तरी नाही निघाली तर ताईंना दाखवा. आणि हात-तोंड एकदम सुजलं, डोकं दुखतंय, डोळ्यांपुढे अंधारी येतेय असं कुणी म्हणालं तर कासाराला थांबवून १०८ ला फोन.

शिवारकर
कासाराला निरोप गेला. तुळई ठोकून पाहिली, एका टोकाला भद्द वाजते. स्टँडच आणतो. रबराचे तुकडे किती जाडीचे लागतील?

तुळई
जुन्या टायरचे, अर्ध्या इंचाचे. चारही सारख्या जाडीचे कापा, नाहीतर पाट एका अंगाला कलतो.